तिसरा मजला, नऊ ऑक्टोबर

१

रेडिओ स्टेशनच्या पहिल्या मजल्यावर, जुन्या रेकॉर्डांच्या रॅकमागे एक लाकडी कपाट होतं. त्याला तीनशे सहासष्ट खण होते, वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक. एकोणतीस फेब्रुवारीचा खण चार वर्षांतून एकदा उघडला जाई आणि तेवढ्यासाठीही तो अडून बसे.

खणांत पोस्टकार्डाएवढी कार्डं होती आणि प्रत्येक कार्डावर रॉक संगीताच्या इतिहासातली एक घटना टाइप केलेली होती. कुठल्या तरी गायकाला भर कार्यक्रमात शब्द आठवेनासे झाले आणि समोरच्या वीस हजार लोकांनी गाणं पुरं केलं, तो दिवस. दोन जिवलग मित्रांनी एका गिटारवरून भांडून दोन बँड काढले आणि दोघेही गाजले, तो दिवस. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ‘आजच्या दिवशी’ हा कार्यक्रम लागे आणि त्यात अशी तीन कार्डं वाचली जात.

ती कार्डं गेली बावीस वर्षं ताई सांभाळत होती. तिचं वय पन्नाशीपुढचं. तिला स्टेशनात साहेबांपासून रखवालदारापर्यंत सगळे ताईच म्हणत, अगदी तिच्याहून मोठे असलेलेही. नवी घटना सापडली की ती दोन ठिकाणी पडताळायची, टाइप करायची आणि कोपऱ्यात ‘ता.’ एवढीच सही ठोकायची. रेडिओवर वाचून झालेल्या कार्डावर लाल खूण करायची. एकदा लाल खूण झाली की तो इतिहास झाला, असं ती गमतीने म्हणे.

या कामात नवख्या माणसाची एक चूक ठरलेली असते. बातमी पेपरात दुसऱ्या दिवशी येते आणि नवखा माणूस कार्डावर पेपरची तारीख टाकून मोकळा होतो. पहिल्या वर्षी ताईनेही दोन गायकांना एकेक दिवस उशिरा मारलं होतं. त्यावरून निवेदक तिला अजून चिडवायचा. निवेदक हा काडीसारखा माणूस, पण आवाज असा की खिडकीच्या काचा थरथराव्यात. त्याला सगळे भोंगा म्हणत आणि त्याला ते आवडायचं.

ताई दुपारी दुसऱ्या दिवसाची तीन कार्डं निवडून भोंग्याच्या ट्रेमध्ये ठेवायची आणि घरी जायची. सकाळी कार्यक्रम लागे तेव्हा ती घरीच असे, स्वयंपाकघरात, धाकट्या भावाबरोबर चहा पीत.

२

धाकट्याबद्दल सांगायचं तर तो एके काळी ड्रम वाजवत असे. चौघांचा बँड होता आणि त्याचं नाव ‘तिसरा मजला’. सराव तळघरात चालायचा आणि त्या इमारतीला मजले दोनच होते. नाव ठेवताना चौघांना याचं भारी कौतुक वाटलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी बँड मोठ्या दौऱ्यावर निघाला होता. पहिल्याच गावात असताना घरी आईला पक्षाघाताचा झटका आला. ताईने फोन केला. धाकटा चार दिवसांसाठी म्हणून आला आणि राहिला. आई पुढे अकरा वर्षं अंथरुणावर होती. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. दोघं मिळून बदलायचे, एक खांद्याकडून, एक कमरेकडून, आणि धाकटा ‘एक, दोन, हं’ म्हणायचा. ताई नोकरीवर गेली की तो एकटा करायचा. बँडने दुसरा ड्रमर घेतला आणि दोनेक वर्षांत बँडही मोडला. आई जाऊन आता आठ वर्षं झाली होती.

धाकट्याने कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. तो घरातलं सगळं करायचा आणि उरलेल्या वेळात लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा. एकोणीस वर्षांत त्याने टेबलावर बोटानेसुद्धा ठेका धरला नव्हता. ताईला या गोष्टीचं कायम ओझं वाटे. कारण तो फोन तिने केला होता, आणि फोनवर ती जे बोलली होती ते तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

३

तेवीस सप्टेंबरच्या दुपारी ताईने चोवीसचा खण उघडला तर आत एक नवं कार्ड होतं. कार्ड नवं, पण अक्षरं स्टेशनच्याच जुन्या टाइपरायटरची.

‘आजच्या दिवशी तिसरा मजला या बँडने पहिला जाहीर कार्यक्रम केला. श्रोते चाळीस. ड्रमरची एक काठी मोडली, त्याने अर्धा कार्यक्रम लाटण्याने वाजवला.’

ताई उभ्या उभ्या हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. लाटणं तिच्याच घरचं होतं आणि त्यापायी आईने पोराला चांगलं फैलावर घेतलं होतं. हे काम भोंग्याचंच, तिने ठरवलं. कधी तरी बोलता बोलता आपणच त्याला सांगितलं असणार. दोन पुरावे हवेत हा नियम तिचाच. पण एक पुरावा मी आणि दुसरा तो, असा हिशोब लावून तिने कार्ड ट्रेमध्ये ठेवलं.

सकाळी भोंग्याचा आवाज स्वयंपाकघरात घुमला आणि धाकट्याच्या हातातला कप तसाच राहिला.

“तेवीसला होता,” तो शेवटी म्हणाला. “पेपरात चोवीसला आलं.”

एवढंच म्हणून तो खिडकीबाहेर बघत राहिला. पण टेबलाच्या कडेवर त्याची दोन बोटं हळूहळू वाजत होती. ताई ते बघत राहिली आणि चहा निवला.

स्टेशनात गेल्यावर तिने भोंग्याचे आभार मानले. तो गोंधळला.

“ताई, मी कशाला टाइप करतोय? मला तर त्या मशिनीत कागदसुद्धा घालता येत नाही.” त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “आणि हे काय, कोपऱ्यात तुमचीच सही आहे की. तारखेची चूकसुद्धा तुमचीच, पहिल्या वर्षातली.”

कोपऱ्यात ‘ता.’ होतं. काल ते आपण कसं पाहिलं नाही, याचा ताई दिवसभर विचार करत होती.

४

त्यानंतर रोज एक कार्ड येऊ लागलं. पहिलं गाणं मुद्रित झालं तो दिवस. गायकाला गोवर निघाला आणि तिघांनीच कार्यक्रम उरकला तो दिवस. ताई कार्ड ट्रेमध्ये ठेवत गेली. का ठेवू नये? धाकटा सकाळी उठून दाढी करू लागला होता. आठ वाजता रेडिओजवळची खुर्ची ओढून बसायचा. जेवताना गुणगुणायचा. आठ वर्षं ज्या घरात दोन घड्याळांच्या टिकटिकीशिवाय काही ऐकू येत नव्हतं, तिथे आता चमचे, डबे, दाराची कडी, सगळं तालात वाजत होतं.

तीस तारखेला ताई घाईत होती. तिने कार्ड पुरतं न वाचताच ट्रेमध्ये टाकलं. एक ऑक्टोबरच्या सकाळी भोंगा वाचू लागला, “आजच्या दिवशी, सतरा वर्षांपूर्वी, तिसरा मजला हा बँड भर पावसात खुल्या मैदानात वाजवत असताना वीज गेली. अंधारात ड्रमर एकटा अकरा मिनिटं वाजवत राहिला आणि एकही माणूस उठून गेला नाही.”

सतरा वर्षांपूर्वी. सतरा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आईच्या पाठीला जखम झाली होती आणि धाकटा महिनाभर तिच्या खाटेला लागून जमिनीवर झोपत होता. कुणी तरी क्रूर थट्टा केली होती आणि ती आपल्या हाताने आपण त्याच्यापुढे ठेवली होती.

“बारा मिनिटं,” धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “अकरा नाही. मी मनात मोजत होतो ना. शर्ट असा चिकटला होता अंगाला.”

“अरे, तू घरी होतास तेव्हा.”

“हो,” तो सहज म्हणाला. “घरी पण होतो.”

ताईने स्वतःची समजूत घातली. माणसाला हवं ते आठवतं. एकदा रेडिओवर ऐकलं की ते घडलेलंच वाटतं, लोक तशी पत्रं लिहितात स्टेशनला, मी तिथे होतो, मी तिथे होते. जे हजरच नव्हते तेही साक्षीदार निघतात. हा त्यातलाच प्रकार. आणि त्याला बरं वाटतंय तर माझं काय जातंय, असं म्हणून तिने दोन तारखेचं कार्डही ठेवलं, तीनचंही.

आपलं काय जातंय ते तिला चार तारखेला कळलं. धाकटा भाजी चिरत होता. त्याचं मनगट भरलं होतं आणि मान उन्हाने रापली होती, आणि हा माणूस तर महिनाभरात गल्लीच्या टोकापलीकडे गेला नव्हता.

“ताई,” त्याने विचारलं, “आईला कुठल्या बाजूचा झटका आला होता गं?”

त्याने अकरा वर्षं तिची डावी मूठ रोज सकाळी एकेक बोट धरून उघडली होती. ताई उठली. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली.

५

पाच तारखेला ताईने ठरवलं की हा उंदीर आज पकडायचाच. तिने कपाटासमोर खुर्ची टाकली. पुढचे सगळे खण एकेक करून रिकामे केले, पुन्हा भरले, कुलूप लावलं. बाहेर लख्ख ऊन होतं. खालच्या स्टुडिओतून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता. टाइपरायटर कोपऱ्यात, कापडाखाली.

दुपारी दोनच्या सुमाराला ती पाणी प्यायला व्हरांड्यात गेली. कूलर खोलीपासून दहा पावलांवर. पेला भरला आणि मागून टाइपरायटरचा आवाज आला.

टक, टक, टक. मग ओळ संपल्याची छोटी घंटा. टाइप करणारा सावकाश करत होता आणि प्रत्येक पूर्णविरामानंतर किंचित थांबत होता. तसं थांबायची सवय ताईला होती.

ती धावली नाही. धावावं असं तिला वाटलं, पण पाय नेहमीच्याच चालीने चालले. दार उघडंच होतं. आत कुणी नव्हतं. कापड घडी करून बाजूला ठेवलेलं, खुर्ची मशिनीजवळ ओढलेली. ताईने खुर्चीवर हात ठेवला, तर बैठक उबदार होती. मशिनीशेजारी एक चष्मा उघडा पडला होता, तिच्या चष्म्यासारखाच, डावी काडी दोऱ्याने बांधलेला. अक्षरं नीट दिसेनात म्हणून तिने डोळ्यांवरचा चष्मा सारखा करायला हात वर नेला. डोळ्यांवर चष्मा नव्हता.

टेबलावरचा चष्मा लावून तिने मशिनीतलं कार्ड वाचलं. ते नऊ ऑक्टोबरचं होतं.

‘आजच्या दिवशी, एकोणीस वर्षांपूर्वी, कार्यक्रमाच्या तासभर आधी तिसरा मजला बँडच्या ड्रमरला बहिणीचा फोन आला. आई तुझं नाव घेतेय, असं ती म्हणाली. आईची वाचा गेलेली होती. ती कुणाचंच नाव घेत नव्हती. ड्रमरने फोन ठेवला आणि तो मंचावर गेला.’

खाली कोपऱ्यात ‘ता.’

ताई त्याच उबदार खुर्चीत बसली. तिला एकटीला झेपत नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा होता. दवाखान्यात, आईच्या खोलीच्या दाराशी, भिंतीला टेकून, तिच्या तोंडून ते एक वाक्य निघून गेलं होतं. डॉक्टर म्हणत होते, जिवाला धोका नाही, फक्त फार वर्षं करावं लागेल. त्या ‘फार वर्षं’ला ती घाबरली होती.

हे कार्ड वाचलं गेलं तर काय होईल ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आत्तापर्यंतची कार्डं त्याला त्या दुसऱ्या, बँडबरोबरच्या आयुष्याकडे थोडं थोडं नेत होती. हे वाचलं की तो घरी आलाच नव्हता.

६

तिने कार्ड पर्समध्ये टाकलं. सहा, सात आणि आठला तिने खणातलं एकही नवं कार्ड ट्रेमध्ये ठेवलं नाही. धाकट्याने कुरकुर केली नाही. तो नुसता खुर्चीत बसून राही आणि कार्यक्रम संपला की विचारी, “आज नव्हतं का?” ती म्हणे, “नव्हतं रे.” तो म्हणे, “बरं.” हे ‘बरं’ तिने एकोणीस वर्षं ऐकलं होतं.

आठ तारखेच्या दुपारी तिने ट्रेमधली कार्डं तीनदा मोजली. तीनच होती, जुनी, पिवळी पडलेली, लाल खुणांची. भोंग्याला तिने सांगितलं, “उद्या हेच वाच. दुसरं काही दिसलं तर वाचू नकोस.”

“ताई, तुमची तब्येत बरी आहे ना? चार दिवस सुट्टी घ्या. बाराही महिने तारखा, तारखा.”

त्या संध्याकाळी ती धाकट्याच्या खोलीत गेली. पलंगावरच्या चादरीवर एक सुरकुती नव्हती. खुंटीवर कपडे नव्हते. दुरुस्तीची घड्याळं ज्या टेबलावर असायची तिथे धुळीत चौकोनदेखील उमटलेला नव्हता. ती खोली कुणाचीच नव्हती. तेवढ्यात धाकटा दारात आला आणि म्हणाला, “काय शोधतेस?” आणि ती म्हणाली, “काही नाही रे, झाडत होते.” तिच्या हातात झाडू नव्हता. दोघांनीही तो विषय तिथेच सोडला.

७

नऊ तारखेला आठ वाजून पाच मिनिटांनी ताईने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि बसली.

“बाळ्या, तुला एक सांगायचंय. मी फोन केला होता ना तेव्हा, आई तुझं नाव घेतेय असं म्हटलं होतं. ती घेत नव्हती. तिला बोलताच येत नव्हतं. मी खोटं बोलले.”

एकोणीस वर्षं छातीवर असलेला दगड असा चार-पाच वाक्यांत खाली आला. धाकटा तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याला कुठला फोन ते कळलेलं दिसलं नाही. मग हळूहळू त्याच्या रापलेल्या चेहऱ्यावर तिचा जुना, ओळखीचा भाऊ वर आला.

“माहीत होतं गं,” तो म्हणाला.

“कसं?”

“तू बोलत होतीस तेव्हा तुझ्यामागे तिचा आवाज येत होता. नुसता घशातला. त्यात माझं नाव नव्हतं. कुणाचंच नव्हतं.”

“मग आलास कशाला?”

“तुझाही आवाज ऐकला होता ना.” त्याने कप दोन्ही हातांत धरला. “आईसाठी नाही आलो मी. तुझ्यासाठी आलो. तू पार मोडून गेली असतीस.”

इतकी वर्षं ताईने ज्याला चोरी समजून लपवलं ते त्याने जाणूनबुजून तिच्या पदरात टाकलेलं होतं. तिने त्याचा हात धरला. तळहात घट्ट्यांनी टणक झाला होता आणि तापलेला होता, आत्ताच कुठून तरी वाजवून आल्यासारखा.

“ताई, मला दोन्ही आठवतंय,” तो हळूच म्हणाला. “फार दमायला होतं.”

“तिकडे बरं आहे का?”

त्याने उत्तर दिलं नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून तो बोलत नव्हता, हे तिला लगेच कळलं. त्याचा स्वभावच तसा.

रेडिओवर कार्यक्रमाची धून लागली. भोंग्याने पहिलं कार्ड वाचलं, पिवळं, जुनं. दुसरं वाचलं. मग कागद सरकल्याचा आवाज आला आणि तो थोडा घुटमळला.

“आजच्या दिवशी,” भोंगा म्हणाला, “एकोणीस वर्षांपूर्वी, कार्यक्रमाच्या तासभर आधी तिसरा मजला बँडच्या...”

ताईची पर्स समोर खुंटीला होती आणि कार्ड पर्समध्ये होतं. तिने ते बघायला वेळ घालवला नाही. ती उठली आणि तिने रेडिओच्या बटणाला हात घातला. एक कट्‌ केलं की संपलं. धाकटा खुर्चीतून हलला नाही. त्याने तिला थांबवलं नाही, विनवलं नाही. तो नेहमीसारखा ‘बरं’ म्हणायच्या तयारीत बसला होता आणि टेबलाच्या कडेवर त्याची बोटं थांबून राहिली होती, कुणी तरी मोजून सुरुवात करून देण्याची वाट बघत.

ताईने बटण फिरवलं. आवाज वाढवला.

“एक, दोन, हं,” ती म्हणाली.

भोंग्याचा आवाज खोलीभर झाला. तो शेवटच्या वाक्यापर्यंत पोचेपर्यंत ती रेडिओकडे तोंड करून उभी राहिली. मागे खुर्ची सरकली. कुणी तरी जिन्यावरून भराभर, तालात उतरत गेलं. तिच्या घराला जिना नव्हता. आणि लांब कुठे तरी खूप माणसं एकदम ओरडली, आनंदाने.

मग तिच्या कमरेतून कळ निघाली, इतकी की ती टेबलाला धरून वाकली. ही कळ जुनी होती. एकट्याने कूस बदलताना गुडघा खाटेवर रोवावा लागतो, चादरीला पीळ घालून ओढावं लागतं, हे सगळं तिच्या हातांना आता येत होतं. दर दोन तासांनी, अकरा वर्षं, नोकरीवरून मधेच धावत येऊन. ओल्या पडलेल्या चादरी, शेजारणीची मिनतवारी, आईच्या डाव्या मुठीचं एकेक बोट. एकेक दिवस येऊन तिच्या अंगात बसत होता.

ती मोडली नव्हती. तेवढं त्याला सांगायला हवं होतं. भिंतीला धरत ती धाकट्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. तिथे आईची खाट होती, नुसती पट्ट्यांची, आणि दुसरं कधीच काही नव्हतं.

“माझ्यासाठी आला होता,” ती स्वतःशी म्हणाली. हे एक वाक्य सुटू द्यायचं नाही, एवढं तिला कळत होतं. पोळ्यांची परात काढताना ती ते म्हणत राहिली, वेणी घालताना म्हणत राहिली, पायात चपला सरकवताना म्हणत राहिली.

“माझ्यासाठी आला होता,” दाराला कुलूप लावता लावता ती पुन्हा म्हणाली, आणि कोण, ते आठवायला थांबली.